वऱ्हाडातील तांडे आणि त्यांचे दूरचे आप्त

वऱ्हाडात अकोल्याच्या पश्चिमेस, मन आणि म्हैस ह्या दोन नद्यांच्या संगमाशी बाळापूर हे जुने गाव वसले आहे. नद्यांच्या बेचक्यात उंचवट्यावर किल्ला उभा असून तो एलिचपूरचा नवाब इस्माईलखान ह्याने १७५७ मध्ये पुरा केला. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे देऊळ आहे. गावाचे नाव तिच्यावरूनच पडले असे सांगतात. नदीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी दगडी छत्री आहे. सुटीच्या दिवसांत हिंडावयास निघालेला प्रवासी किल्ल्याच्या बुरुजांवर चढतो, छत्रीच्या सावलीत घटकाभर बसतो आणि पुढे शेगावची वाट धरतो. दगडात जेवढा इतिहास शिल्लक राहिला तेवढा त्याच्या दृष्टीस पडलेला असतो. परंतु ज्या वाटेने तो आला आणि ज्या वाटेने तो गेला, त्या वाटेलाही इतिहास आहे, आणि तो कोणत्याही शिलालेखात कोरलेला नाही.

उत्तरेस बुऱ्हाणपूरच्या बाजूने पूर्णेच्या खोऱ्यात उतरावे आणि दक्षिणेस पातूरच्या बाजूने घाट चढून वाशीमच्या पठारावर जावे, अशा वाटांच्या तोंडावर बाळापूर आहे. म्हणूनच मोगल अमदानीत हे गाव लष्करी ठाणे झाले. १६१६ मध्ये खानखानानाचा मुलगा शहानवाजखान मलिक अंबरावर चालून गेला तो बाळापुराहून. १७२० च्या ऑगस्टमध्ये निजामुल्मुल्काने आलमअलीखानाचा पराभव केला तोही बाळापूरच्या परिसरात. बखरी आणि तवारिखा ह्या लढायांचे वर्णन करतात. कोणत्या सरदाराने कोणती बाजू सांभाळली हे त्यांत बारकाईने सांगितलेले असते. पण हजारो माणसांना आणि त्यांच्या घोड्यांना रोज दाणागोटा कोठून मिळत होता, हा प्रश्न त्या सहसा विचारीत नाहीत. मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांपुरते त्याचे उत्तर पुष्कळ अंशी एका शब्दात देता येते. ते उत्तर म्हणजे तांडा.

तांडा म्हणजे बंजाऱ्यांचा चालता गाव. त्यांनाच लमाण, लंबाडा किंवा लभाण अशीही नावे आहेत, आणि आपसांत ते स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणवितात. ह्या लोकांची वाहतूक गाड्यांवर नव्हती, बैलांच्या पाठीवर होती. जेथे गाडी जाऊ शकत नाही अशा घाटातून आणि चिखलातून लदणीचा बैल जातो. त्याच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी घातली की तोच गाडी आणि तोच कोठार. पीटर मंडी नावाचा इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये आग्र्याहून पाटण्यास जात असता त्याला एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते आणि ते सर्व धान्याने लादलेले होते. बायकामुले व सगळा संसार बरोबर असल्यामुळे तांडा दिवसाकाठी सहासात मैलांहून अधिक मजल मारीत नसे, असेही त्याने नमूद केले आहे. त्याच शतकात हिंदुस्थानात अनेक वेळा येऊन गेलेल्या ताव्हेर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने दहाबारा हजार बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले असून त्यांच्या चार जमाती सांगितल्या आहेत. एक जमात गहू वाहणारी, दुसरी तांदूळ, तिसरी डाळी आणि चौथी मीठ.

वऱ्हाडातील तांड्यांच्या पूर्वपीठिकेसंबंधी एक परंपरा प्रसिद्ध आहे. इंग्रजी अमलात वऱ्हाडात पोलीस अधिकारी असलेल्या कंबरलेज ह्यांनी १८८२ मध्ये बंजाऱ्यांवर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात ती नोंदलेली आहे. शहाजहानाचा वजीर असफखान १६३० च्या सुमारास दक्षिणेवर चालून आला तेव्हा त्याच्या फौजेबरोबर चारण बंजारे आले. भंगी आणि जंगी ह्या दोघा नायकांपाशी १,८०,००० बैल होते आणि वडत्यांचा नायक भगवानदास ह्याच्यापाशी ५२,०००. एवढे बैल फौजेपाशी टिकून राहावेत म्हणून असफखानाने नायकांस ताम्रपट करून दिला. त्यात पाणी आणि छपराचे गवत हक्काने घेण्याची मुभा होती, दिवसाला तीन खून माफ होते, आणि असफखानाचे घोडे जेथे असतील तेथे ह्यांचे बैल असावेत असे वचन होते. आकड्यांत परंपरेने थोडी भर घातली असेल. पण ह्या कथेचा रोख खोटा नाही. ज्याच्या हाती धान्य आहे त्याला सरदारानेही सांभाळून घ्यावे लागते, ही गोष्ट तांड्याच्या आठवणीत पक्की बसली होती. पुढे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, शिंदे व भोसले ह्यांच्यावर मोहीम केली तेव्हा तोही ह्याच लोकांवर अवलंबून होता. बाळापूरच्या उत्तरेस असलेल्या अडगावची लढाई त्या सालच्या २९ नोव्हेंबरला झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. ह्या दोन विजयांची कीर्ती सेनापतीच्या वाट्याला आली; त्या सैन्याच्या पोटाची सोय करणाऱ्या नायकांची नावे मात्र कोणाच्या तोंडी राहिली नाहीत.

तांड्याच्या मालांत मिठाला विशेष मान होता. लमाण हे नावच लवण ह्या शब्दावरून आले असे पुष्कळ अभ्यासक मानतात. वऱ्हाडाला तर मिठाचे नाते परके नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा ह्या जिल्ह्यांतून पूर्णेच्या दोन्ही काठांनी जो प्रदेश पसरला आहे त्याला खारपाणपट्टा म्हणतात, कारण तेथील विहिरींचे पाणी खारे. ह्या पट्ट्यात एके काळी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. १९३० च्या सत्याग्रहात वऱ्हाडातील लोकांना समुद्रकिनारा शोधावा लागला नाही. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे त्यांनी मिठाचा कायदा मोडला. जुन्या मराठीत मिठाला लोण हा शब्द होता. लोणचे ह्या शब्दात तो अजून घरोघर वापरला जातो, आणि बुलढाणा जिल्ह्यातील खाऱ्या पाण्याचे सरोवर ज्या गावी आहे त्या लोणारचे नावही श्रोत्यांस आठवेल. हा लहानसा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण फार दूरच्या प्रदेशात तो पुन्हा भेटणार आहे.

तांड्याचा रोजचा क्रम शिस्तीचा असे. नायक मुक्काम ठरवी आणि कारभारी वाटाघाटी करी. गोणी शिवणे, बैल सजविणे आणि मुक्कामी संसार मांडणे ह्या कामांत बायकांचा हात मोठा. कंबरलेज ह्यांनी हातड्या नावाच्या बैलाची हकीकत दिली आहे. हा बैल बालाजीला सोडलेला असे. त्याच्या पाठीवर ओझे कधी घालीत नसत. लाल रेशमाचे गोंडे, घुंगरे आणि कवड्या ह्यांनी त्याला मढवीत, आणि तांड्यात कोणी आजारी पडले की त्याला ह्या बैलाच्या पायांशी नेत. ज्यांचे सारे जीवित ओझ्यावर अवलंबून होते त्यांनी एका बैलाला ओझ्यापासून मुक्त ठेवून त्यालाच दैवत मानावे, ह्यात त्या लोकांचे मन दिसते. वंशाची आठवण ठेवण्याचे काम भाटांचे व ढाड्यांचे. राठोड, पवार, चव्हाण, वडत्या अशी कुळे आणि त्यांचे पाडे कोणाचा कोणाशी सोयरसंबंध होतो हे ठरवीत. म्हणून ज्यांच्यापाशी जमिनीचा सातबारा नव्हता, त्यांच्यापाशी पिढ्यांची गणना मात्र तोंडपाठ होती.

असे फिरते लोक जगात अन्यत्रही आहेत, आणि त्यांतील एका मोठ्या समाजाची कथा हिंदुस्थानाशी प्रत्यक्ष जोडलेली आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी पश्चिम युरोपातील शहरांच्या वेशींवर काही सावळी, काळ्या केसांची माणसे बायकामुलांसह येऊन उतरली. १४१७ मध्ये ती जर्मनीत दिसली. १४२७ मध्ये पॅरिसच्या लोकांनी त्यांना पाहिले. ही मंडळी धाकट्या इजिप्तातून आली असे लोकांनी मानले, आणि त्या समजुतीमुळे इंग्रजीत त्यांना जिप्सी हे नाव पडले. ते स्वतःला रोम किंवा रोमा म्हणवितात व त्यांच्या भाषेला रोमानी म्हणतात. इजिप्ताशी त्यांचा संबंध नव्हता, हे उमगावयास युरोपाला साडेतीन शतके लागली.

हा शोध कोणत्याही राजाच्या दप्तरातून लागला नाही. तो लागला साध्या बोलण्यातून. जर्मनीतील हाल्ले शहरी रूडिगर नावाचा एक विद्वान होता. तेथीलच एका रोमा स्त्रीकडून त्याने काही वाक्ये तिच्या भाषेत वदवून घेतली आणि एका मिशनऱ्याने लिहिलेल्या हिंदुस्थानी भाषेच्या व्याकरणाशी ताडून पाहिली. शब्दांचेच नव्हे तर प्रत्ययांचे साम्य पाहून त्याची खात्री पटली, व १७८२ मध्ये त्याने आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ग्रेलमानच्या ग्रंथाने तो युरोपभर पोचविला. त्यानंतर पॉट आणि मिक्लोसिश ह्यांनी एकोणिसाव्या शतकात, आणि सॅम्पसन व टर्नर ह्यांनी १९२६ मध्ये, ह्या भाषेचा अभ्यास पक्क्या पायावर आणला.

मराठी माणसाला ह्या शोधाची प्रचीती घेण्यास विद्वत्तेची गरज नाही. रोमानीत पाण्याला पानी म्हणतात, कानाला कान, नाकाला नाख, रात्रीला रात आणि सापाला साप. दिवसाला दिवेस म्हणतात, चांदीला रुप, म्हणजे आपले रुपे. नावाला नाव हाच शब्द आहे. बोख म्हणजे भूक. काही शब्द प्रथम ओळखू येत नाहीत, पण एक नियम कळला की ओळख पटते. आपले घ, ध, भ हे महाप्राण वर्ण शब्दाच्या आरंभी रोमानीत ख, थ, फ असे झाले आहेत. म्हणून घर ते खेर, बहिणीला फेन, आणि मूळच्या घर्म शब्दाचे खाम. आपल्याकडे त्याच घर्माचा घाम झाला आणि तो अंगावर आला. त्यांच्याकडे खाम म्हणजे सूर्य. आणि मिठाला रोमानीत म्हणतात लोन. वेल्सच्या डोंगरात किंवा हंगेरीच्या सपाटीवर शेकोटीपाशी बसलेल्या बाईने भाजीत लोन घातले, तेव्हा तिच्या ओठांवर जो शब्द होता तो लोणारच्या आणि लोणच्याच्या घराण्यातला होता. तिला हे ठाऊक नव्हते, आणि वऱ्हाडातही कोणाला ठाऊक नव्हते.

ह्याहून मौजेची गोष्ट अशी की, हे लोक कोणत्या वाटेने गेले हेही त्यांच्या शब्दांतच नोंदलेले आहे. त्यांच्या अंकांत एक, दोन, तीन, चार, पाच, सहा आणि दहा हे आपले आहेत. परंतु सात, आठ आणि नऊ हे ग्रीक आहेत. रस्त्याला ते द्रोम म्हणतात, तोही शब्द ग्रीक. घोड्याला ग्रास्त म्हणतात, तो अर्मेनियातून घेतलेला. इंग्लंडातील रोमा आपल्या राहत्या गाडीला वार्डो म्हणतात, त्याचे मूळ इराणी वंशाच्या भाषांत, बहुधा कॉकेशसमधील ओसेट भाषेत आहे. इराण, अर्मेनिया आणि ग्रीकांचे साम्राज्य असा मुक्कामामागून मुक्काम झाला आणि प्रत्येक मुक्कामाहून चार शब्द गोणीत पडले. ज्यांनी एकही प्रवासवर्णन लिहिले नाही त्यांची भाषा हेच त्यांचे प्रवासवर्णन होऊन बसले. व्याकरणाचाही पुरावा आहे. मराठीने नपुंसकलिंग अजून जपले आहे. रोमानीत ते नाही. उत्तरेच्या बहुतेक भाषांतून नपुंसकलिंग लोपले त्यानंतरच हे लोक देश सोडून गेले असावेत, असे अनुमान भाषाशास्त्रज्ञ काढतात. आनुवंशिकीच्या अलीकडच्या अभ्यासानेही त्यांचे मूळ वायव्य हिंदुस्थानात असल्याचे दाखविले आहे. दोन्ही पुरावे एकत्र घेता ह्या प्रस्थानाला सुमारे एक हजार ते दीड हजार वर्षे झाली असे म्हणता येते.

येथे एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. रोमा म्हणजे युरोपात गेलेले बंजारेच, असे विधान पुष्कळदा उत्साहाच्या भरात केले जाते. दोघेही फिरते, दोघींच्याही बायकांचे घेरदार घागरे, दोघांनाही स्वकीय आणि परका ह्यांसाठी निराळे शब्द; बंजारा परक्याला कोर म्हणतो आणि रोमा गाजो. हे साम्य डोळ्यांत भरते. परंतु वेष आणि व्यवसाय सारखे असले म्हणजे वंश एक असे सिद्ध होत नाही. टर्नरने दाखविल्याप्रमाणे रोमानीचे मूळ मध्यदेशच्या बोलींत असून तिने पुढे दीर्घ काळ वायव्येस काढला. बंजारी बोली राजस्थानी व गुजराती ह्यांच्या जवळची आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषापाहणीत तिला १९०७ च्या खंडात भिल्ली व खानदेशी ह्यांच्या शेजारी स्थान दिले. फिरत्या जमातींच्या बोलींसाठी त्याने १९२२ मध्ये वेगळा खंड काढला, त्यात ती घातली नाही. तेव्हा रोमा हे बंजाऱ्यांचे वंशज नव्हेत. फार जुन्या काळी एका वाड्यातून निघालेल्या दोन शाखांप्रमाणे ते दूरचे आप्त होत. आप्तपणा दूरचा आहे म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. पण तो आहे तेवढाच सांगितला पाहिजे. ज्यांच्याविषयी शतकानुशतके इतरांनी कल्पित कथा रचल्या, त्यांच्यावर आणखी एक कल्पित कथा लादणे हा त्यांचा सन्मान नव्हे.

ह्या दोन्ही शाखांचे खरे साम्य निराळ्याच ठिकाणी दिसते, आणि ते म्हणजे फिरत्या माणसाविषयी राज्यसत्तेला वाटणारा संशय. इंग्लंडात १५३० मध्ये ह्या लोकांना देशाबाहेर घालविण्याचा कायदा झाला. १५५४ मध्ये न जाणाऱ्यास देहान्ताची शिक्षा सांगितली गेली. अशा कायद्यांपैकी एक मागे घेतला गेला १७८३ मध्ये, म्हणजे ग्रेलमानचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी. रुमानियातील मोल्डाव्हिया आणि वालाकिया ह्या संस्थानांत तर रोमा गुलाम म्हणून विकले जात. ती गुलामगिरी १८५५ व १८५६ मध्ये संपली. आणि विसाव्या शतकात नाझी जर्मनीने त्यांचा संहार मांडला. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री ऑशविट्झ येथील रोमा कुटुंबांची छावणी रिकामी करण्यात आली. त्या एका रात्रीत चार हजारांहून अधिक माणसे, बायकामुलांसह, विषारी वायूने मारली गेली. महायुद्धाच्या काळात एकंदर किती रोमा मारले गेले ह्याचे अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत जातात.

हिंदुस्थानात इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यान्वये एखादी जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवून तिच्या माणसांची नोंद करावी, त्यांनी ठरावीक ठिकाणी हजेरी द्यावी आणि परवान्याशिवाय गाव सोडू नये, अशी व्यवस्था झाली. १९११ व १९२४ मध्ये हा कायदा अधिक विस्तृत करण्यात आला, आणि ठिकठिकाणचे लमाण व बंजारेही त्याच्या कचाट्यात सापडले. वऱ्हाडातील बंजाऱ्यांवरचे पुस्तक पोलीस अधिकाऱ्याने लिहिलेले असावे, हाही निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. त्या काळी फिरत्या माणसाची माहिती हवी असे ती प्रामुख्याने चौकीला.

कायदा एकीकडे फिरत्यांना जखडीत असता दुसरीकडे सुखवस्तू लोकांना फिरण्याची गोडी लागली, हा त्या काळाचा एक चमत्कारिक विरोध आहे. आरमारात डॉक्टर असलेल्या गॉर्डन स्टेबल्स ह्या स्कॉटिश गृहस्थाने जिप्सींच्या राहत्या गाडीवरून कल्पना घेऊन स्वतःसाठी एक ऐषारामी गाडी बांधवून घेतली आणि १८८५ मध्ये दोन घोडे जुंपून इंग्लंडातून स्कॉटलंडात इन्व्हरनेसपर्यंत मजल मारली. पुढच्या वर्षी त्याने तिचे वर्णन प्रसिद्ध केले. लोकांना ते इतके आवडले की गाडीतून सुटी घालविण्याची टूम निघाली, आणि १९०७ मध्ये अशा हौशी मंडळींचा एक क्लबही स्थापन झाला. मोकळी हवा, रोज नवे झाड आणि नवा ओढा, घड्याळाचा जाच नाही. ह्या आकर्षणात खोटे असे काही नाही. मनुष्याला मुळात चालण्याची ओढ आहे, आणि चार भिंतींना कंटाळलेला शहरवासी गाडीच्या पायरीवर बसून चहा पितो तेव्हा त्याला खराच आनंद होतो. फरक एवढाच की त्याच्या खिशात परतीच्या घराची किल्ली असते. त्याच्या गाडीमागून येणाऱ्या रोमा कुटुंबापाशी ती नसे, आणि गावाबाहेरच्या ज्या हिरवळीवर डॉक्टरमहाशयांचे कौतुकाने स्वागत होई, तीवरून त्या कुटुंबाला शिपाई हाकलून देई.

वऱ्हाडात तांड्याची वाट बंद पडली ती कायद्याच्याही आधी लोहमार्गामुळे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा मार्ग भुसावळहून वऱ्हाड ओलांडीत १८६७ मध्ये नागपुरास पोचला. बाळापूरच्या उत्तरेस पारस येथे स्टेशन झाले. हजार बैलांनी महिनाभर वाहावयाचा माल गाडीचे डबे एका दिवसात नेऊ लागले, तेव्हा लदणीच्या बैलाचे मोल उतरले. वाहतूक गेली आणि तिच्याबरोबर नायकाचा दरारा गेला. कोणी गुरे पाळू लागले, कोणी रानातून लाकूडफाटा आणू लागले, कोणी खडी फोडावयास गेले, आणि पुष्कळांनी पुसद, दिग्रस, दारव्हा, मंगरूळपीर ह्या भागांतील डोंगरउतारांवर जमिनी फोडून शेती धरली. बैलांचा तळ हलेनासा झाला तरी वस्तीचे नाव तांडा हेच राहिले. आजही वऱ्हाडात गावाशेजारी निराळ्या वस्तीस तांडा म्हणतात. शब्द चालता होता, तो बसता झाला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला व त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. अकरा वर्षांनी, ५ डिसेंबर १९६३ रोजी, पुसद तालुक्यातील गहुली ह्या तांड्यात १९१३ मध्ये जन्मलेले वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि १९७५ च्या फेब्रुवारीपर्यंत त्या पदावर राहिले. नाईक हे आडनाव त्यांच्या घराण्याकडे तांड्याच्या नायकीवरून आलेले. तथापि एका माणसाच्या उत्कर्षाने साऱ्या समाजाची कहाणी पुरी होत नाही. तेच कूळ, तीच बोली आणि तोच सोयरसंबंध असताना बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत. ज्या लोकांनी राज्यांच्या सीमा कधी मानल्या नाहीत त्यांना सीमांनी तीन नावे दिली.

अशा लोकांना आपला वारसा शोधावयाचा झाल्यास तो कोठे शोधावा? रोमा लोकांनी ह्या प्रश्नाचे उत्तर प्रथम भाषेत शोधले. ८ एप्रिल १९७१ रोजी लंडनजवळ त्यांची पहिली जागतिक परिषद भरली. तेथे स्वीकारलेल्या निळ्या व हिरव्या निशाणावर मधोमध तांबडे चक्र आहे. ते गाडीचेही चाक आहे आणि मूळ देशाच्या चक्राचीही आठवण आहे. पुढे १९७६ मध्ये व १९८३ मध्ये चंडीगड येथे त्यांचे मेळावे भरले, आणि अनेक देशांतील रोमा हजार वर्षांनी पूर्वजांच्या भूमीवर पाहुणे म्हणून आले. त्यांना दाखविण्यासारखे कोणाचे घर उरले नव्हते, थडगे नव्हते, गावाचे नावही नव्हते. बाजारात कोणी पाणी मागितले की तो शब्द मात्र त्यांना दुभाष्याशिवाय समजत होता.

बंजाऱ्यांचे तीर्थ वऱ्हाडातच आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे स्थान १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, आता ते वाशीम जिल्ह्यात मोडते. बंजाऱ्यांचे सत्पुरुष सेवालाल महाराज ह्यांची समाधी तेथे आहे. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १७३९ मध्ये आंध्रातील गुत्तीच्या परिसरात झाला, म्हणजे त्यांचे जीवनही तांड्याच्या वाटेवरचेच. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून आणि आणखी दुरून लोक येतात. घरी कोणी मराठीमिश्रित बोलतो, कोणी तेलुगुमिश्रित, कोणी कानडीमिश्रित. यात्रेत मात्र गोरमाटी ही सर्वांची भाषा होते. येथे भेटलेली दोन अनोळखी माणसे प्रथम एकमेकांचे कूळ आणि पाडा विचारतात, आणि चार प्रश्नांत नाते जुळवितात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत वस्तुसंग्रहालयाचे उद्घाटन झाले. जुन्या वस्तू, वेष आणि अलंकार आता काचेआड सुरक्षित राहतील, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु पाडा विचारण्याची रीत आणि बोलीतील शब्द काचेआड ठेवता येत नाहीत. ते तोंडातून तोंडात गेले तरच टिकतात, आणि ज्या मुलाला शाळेत आपली बोली बोलण्याची लाज वाटू लागते, त्याच्या घरी हा ठेवा एका पिढीत संपतो.

प्रवासाची हौस वाढत आहे. किल्ले आणि छत्र्या पाहणाऱ्याला कोणी दोष देणार नाही. त्याही ह्या देशाच्या आठवणीच आहेत. परंतु बाळापूरहून पातूरच्या घाटाकडे मोटार वळली म्हणजे ह्या वाटांनी धान्याच्या गोणी वाहणाऱ्या लोकांचे वंशज जवळपासच कोणत्या तरी तांड्यात राहत आहेत, हे प्रवाशाने ध्यानात घ्यावे. तेथे वृद्ध स्त्रिया असतात. मिठाला, रस्त्याला, बैलाच्या पाठीवरील गोणीच्या निरनिराळ्या भागांना त्यांच्यापाशी अजून शब्द आहेत. हाल्ले शहरी एका विद्वानाने एका गरीब स्त्रीला चार वाक्ये विचारली, तेव्हा एका विखुरलेल्या समाजाला आपला मूळ देश सापडला. वऱ्हाडातील शब्द विचारून घेण्यास लांबचा प्रवास नको. तांड्यापर्यंतची वाट तेवढी चालून जावी लागेल.